पुऱ्यांच्या पत्त्यावर

आमचे अण्णा पोस्टमन होते. आमच्या औरंगाबाद शहराचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इतिहास मला पुस्तकातून कळायच्या आधी त्यांच्या खाकी झोळीतून कळला. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जुन्या बाजारातल्या मोठ्या पोस्टात जात असे. शिक्क्यांचा ठपठप आवाज, तापलेल्या लाखेचा आणि डिंकाचा वास, टेबलावर पालथी केलेली पिशवी आणि तिच्यातून सांडलेली पोस्टकार्डं, निळी आंतर्देशीय पत्रं. समोर लाकडी खण. एकेक पत्र खणात टाकताना अण्णा पुटपुटत: बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, पदमपुरा, करणपुरा, जसवंतपुरा. देवापुढे नामावळी म्हणावी तशी ती लय होती. मला ती अजून पाठ आहे.

"अण्णा, जयसिंग कोण?" मी एकदा विचारलं.

"आमेरचा राजा. मिर्झाराजा. तोच तो, पुरंदरच्या तहाचा."

"तो इथं राहायचा?"

"छावणी होती त्याची. आता तिथं जे राहतात त्यांची पत्रं मी टाकतो," असं म्हणून त्यांनी एक कार्ड खणात सरकवलं.

त्या दिवसापासून मला पुऱ्यांचं वेड लागलं. दख्खनची सुभेदारी म्हणजे वर्षानुवर्षांची मोहीम. दिल्लीहून, आमेरहून, जोधपूर-बिकानेरहून निघालेला सरदार एकटा येत नसे. त्याच्यामागे घोडदळ, त्यांचे नालबंद, भिस्ती, बनिये, पुजारी, स्वयंपाकी, कुटुंबं असा सगळा बारदाना असे. तंबू ठोकले जात, पावसाळा येई, तंबूच्या जागी कुडाच्या भिंती आणि मग विटांच्या भिंती उभ्या राहत. सरदाराच्या नावानं पुरा वसे. जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंगांचा जसवंतपुरा, ओरछ्याच्या पहाडसिंग बुंदेल्याचा पहाडसिंगपुरा, बुंदीच्या राव भावसिंग हाडांचा भावसिंगपुरा. बिकानेरचे राजा करणसिंग तर १६६९ मध्ये याच शहरात वारले. त्यांचा मुलगा पदमसिंग तापीकाठी मराठ्यांशी लढताना मारला गेला. बापाच्या नावाचा करणपुरा आणि मुलाच्या नावाचा पदमपुरा आजही शेजारी शेजारी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे पुरे बिकानेर दरबाराच्याच मालकीचे होते, नंतर अदलाबदलीत ते इंग्रजांकडे गेले. शेकडो मैलांवरच्या वाळवंटातला राजा दख्खनच्या खडकावरच्या काही वाड्यावस्त्यांचा मालक होता, याचं मला आजही नवल वाटतं. नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते. पाळणे, नारळांचे ढीग, कुंकवाची दुकानं, पहाटे अनवाणी चाललेल्या बायका. माझी आजी दरवर्षी जायची. करणसिंग हे नाव तिला माहीत नव्हतं. तिच्यासाठी तो देवीचा पुरा होता, आणि मला ते पुरेपूर बरोबर वाटतं.

पण पुरे वसायला आधी पाणी लागतं. आणि इथलं पाणी कुणा राजानं आणलं नाही.

इथं पहिलं गाव होतं ते खडकी. नावातच खडक. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने या गावाची राजधानी केली. अंबर हबशी होता. लहानपणी विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून हातोहात फिरत दख्खनला आलेला गुलाम. त्याच माणसाने मोगलांना वीस-पंचवीस वर्षं दख्खनच्या दारात थोपवलं. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये त्याने भडकल दरवाजा बांधला. शहरातल्या बाकी दरवाजांना भिंत होती. भडकल एकटा उभा आहे, भिंतीविना, जशी एखादी शपथ. मोगलांनी १६१६ मध्ये खडकी जाळली, १६२१ मध्ये पुन्हा जाळली. अंबरने दोन्ही वेळा ती परत वसवली. मला त्याचं मोठेपण लढायांपेक्षा या परत वसवण्यात दिसतं, आणि त्याहीपेक्षा त्याच्या नहरीत.

नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेला हरसूलकडच्या डोंगरांत जमिनीत मुरणारं पाणी त्याने १६१७ च्या सुमारास जमिनीखालूनच चर खणून गोळा केलं. उतार असा साधला की पाणी कुठं ओढावं लागू नये, ढकलावं लागू नये. ते आपल्या वजनाने चालत यावं. दगडी बोगदे, पुढे मातीचे भाजलेले नळ, आणि ठरावीक अंतरावर जमिनीवर डोकं काढणारे विटांचे मनोरे. आमच्याकडे त्यांना बंबे म्हणत. पाण्याला श्वास घेता यावा, गाळ काढायला माणसाला उतरता यावं, चढाचा दाब मोडावा यासाठी ते होते. पुढच्या राज्यकर्त्यांनी याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या. शहर वाढलं ते या नसांच्या दिशेने. हौद, कारंजी, हमामखाने यांना पाणी मिळालं, मशिदीच्या वजूला मिळालं, वाड्यातल्या तुळशीलाही मिळालं. लोटाकारंजा नावाचा मोहल्ला आहे आमच्याकडे. कारंजं गेलं, नाव शिल्लक आहे. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद मात्र आहे.

आजी सांगायची, तिच्या लग्नात हळदीचं पाणी नहरीचं होतं. रंगारगल्लीतल्या आमच्या वाड्याच्या परसात एक छोटा दगडी हौद होता. त्याच्या तोंडाशी भाजलेल्या मातीचा नळ, कडा फुटलेला. माझ्या लहानपणी तो कोरडा होता. १९७२ च्या दुष्काळात, नळावर घागरींची रांग लागलेली असताना, मी त्या नळाच्या तोंडाला कान लावून बसत असे. आत वारा घुमायचा. मला वाटायचं, दूर डोंगरात कुठंतरी पाणी अजून चालतंय, आपल्याकडे यायला निघालंय, वाटेत कुणीतरी त्याला अडवलंय. पुढे मोठं झाल्यावर कळलं की ते खरंच तसं होतं. कुठं घराच्या पायाखाली नळ फुटला होता, कुठं बोअरने झिरपा ओढून घेतला होता, कुठं रस्त्याच्या खोदकामात बोगदाच उघडा पडून मातीने भरला होता.

आज शहर पाणी पितं ते पैठणच्या नाथसागर धरणाचं. पैठण आमच्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे गोदावरीचं पाणी यंत्रांनी चढवून आणावं लागतं. वीज गेली की पाणी गेलं. आमच्या कॉलनीत नळ येण्याचा दिवस सणासारखा पाळला जातो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही. चारशे वर्षांपूर्वी एका हबशी वजिराने डोंगराचा उतार वाचला आणि पाणी फुकट वाहतं केलं, हे मी दर वेळी ड्रम भरताना आठवतो, आणि मला राग येतो.

पाणचक्की पाहायला लोक येतात. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात नहरीचं पाणी वरून कोसळतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं. इथं येणाऱ्या फकिरांसाठी आणि शिकणाऱ्या मुलांसाठी पीठ दळलं जाई. ज्या हौदात पाणी पडतं, त्याच्या खाली दालन आहे. हौद म्हणजे त्या दालनाचं छत. मे महिन्यात अण्णा टपाल वाटून आले की तिथल्या गारव्यात दहा मिनिटं बसत. डोक्यावर पाणी, खाली सावली. मी त्यांच्या शेजारी बसून झोळीतली उरलेली पत्रं मोजत असे.

बीबी का मकबऱ्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी फार थांबत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्ये याच शहरात बाळंतपणानंतर वारली. तिच्यासाठी हा मकबरा उभा राहिला. बांधणाऱ्यांची नावं, अताउल्ला आणि हंसपतराय, दारावर कोरलेली आहेत. मला मकबऱ्यातली हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. आणि १६५७ हे साल आम्हा लोकांना आणखी एका कारणाने पाठ असायला हवं. त्याच वर्षी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला.

संभाजीराजे या शहरात प्रथम आले ते मूल म्हणून. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला निघाले तेव्हा त्यांचा मार्ग इथून गेला. शहराच्या मोगल अधिकाऱ्याने स्वतः सामोरं न येता पुतण्याला पाठवलं. महाराजांनी त्याची दखल घेतली नाही, ते सरळ मिर्झाराजांच्या हवेलीकडे गेले. त्यांच्यासोबत जवळपास नऊ वर्षांचे संभाजीराजे होते. आग्र्याहून सुटका झाली, तह झाला, आणि १६६७ च्या अखेरीस ते पुन्हा इथं आले, या वेळी मोगलांचे मनसबदार म्हणून, शहजादा मुअज्जमच्या भेटीला. प्रतापराव गुजर सोबत होते. दहा वर्षांच्या मुलाने या शहराचे बाजार पाहिले असतील, नहरीचं पाणी प्यायलं असेल. पुढे १६८२ मध्ये त्याच संभाजीराजांशी लढायला औरंगजेब इथं येऊन ठाकला. मराठ्यांच्या धाडींच्या भयाने त्याने शहराभोवती तट घातला. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकाई. यांखेरीज लहानमोठे इतके की लोक शहराला बावन्न दरवाजांचं म्हणू लागले. तटाच्या आत शहर राहिलं. पुरे बाहेर राहिले, काहींनी स्वतःच्या भिंती घातल्या.

औरंगजेब गेला, खुलताबादला निजला. मलिक अंबरही तिथंच आहे. ज्याने शहर वसवलं आणि ज्याने त्याला आपलं नाव दिलं, ते दोघं एकाच गावच्या मातीत आहेत. त्यानंतर निजामांनी काही काळ इथून कारभार केला, आणि १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली.

राजधानी जाते तेव्हा आधी काय जात असेल? मला वाटतं, रात्रीचा उजेड. मशालजी, नौबतवाले, अत्तरवाले, कातिब, वकील, सावकार एकेक करून निघाले असतील. हवेल्यांना कुलपं लागली. पुऱ्यांत बाभळी उगवल्या. सिराज औरंगाबादी त्याच काळातला शायर. दरबार गेला तरी शहर त्याच्या नावात राहिलं. मागे राहिले ते हातांनी काम करणारे. त्यांना राजधानीबरोबर जाता येत नव्हतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक गल्लीतच होतं. म्हणून तटाच्या आतल्या वस्त्यांची नावं सरदारांची नाहीत, कामांची आहेत. गुलमंडी फुलांची. पानदरिबा विड्याच्या पानांचा. रंगारगल्लीत कापड रंगवणारे. कुंभारवाडा, सराफा, दलालवाडी यांचं सांगायलाच नको. सिल्लेखान्यात हत्यारं होती, जिन्सीत तोफखाना. अंगुरीबागेत वेली होत्या. हिमरू विणणाऱ्यांचे माग नवाबपुऱ्याकडे होते. सुती ताण्यावर रेशमाचा बाणा घालून फुलं उठवणारे ते कारागीर माझ्या लहानपणी अजून बरेच होते. त्यांच्या घरी पत्र द्यायला गेलं की मागाचा आवाज एक क्षण थांबायचा, खाली खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस हात वर करून पत्र घ्यायचा आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

अण्णांचं शिक्षण निजामाच्या राज्यात झालं, म्हणजे उर्दूतून झालं. हिशेब उर्दूत, इतिहास उर्दूत, घरी ज्ञानेश्वरी मराठीत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या दिवशी गुलमंडीवर किती माणसं होती ते सांगताना त्यांचा आवाज शेवटपर्यंत भरून यायचा. पण उर्दू त्यांनी टाकली नाही. पोस्टात उर्दू पत्ते त्यांच्याकडे येत. आखातातून आलेली पत्रं म्हाताऱ्या आयांना ते उंबऱ्यावर बसून वाचून दाखवत. त्या बायका त्यांना भाईजान म्हणत, आमच्या गल्लीतल्या बायका पोस्टमनमामा.

त्यांची आवडती बीट मात्र बेगमपुऱ्यापलीकडची होती, नागसेनवनाची. या शहरातल्या सगळ्या वस्त्यांत मला हे नाव सगळ्यांत थोर वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथं कॉलेज काढलं, त्याला मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनाचं. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरं देतो. मिलिंदपन्हातला तो संवाद. शहरात सरदारांच्या नावाचे पुरे होते, धंद्यांच्या गल्ल्या होत्या. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या नावाची वस्ती ही पहिलीच. पुढे १९५८ मध्ये शेजारच्या डोंगरपायथ्याला विद्यापीठ आलं, आणि मोठ्या, रक्त सांडलेल्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं.

नागसेनवनातल्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या, विदर्भाच्या, खानदेशाच्या खेड्यांतून आलेली मुलं राहत. त्यांची पत्रं म्हणजे बहुधा पोस्टकार्ड. आईला लिहिता येत नसे, म्हणून गावातल्या मास्तरकडून किंवा शिकणाऱ्या पोरीकडून लिहून घेतलेलं. शेवटी नेहमी एकच वाक्य: शिकून घे, घरची काळजी करू नको. अण्णा ती वाचत नसत, पण कार्ड उघडंच असतं, डोळ्यांत शिरतं. मनीऑर्डरी दहा रुपयांच्या, पंधरा रुपयांच्या. एका मुलाला पैसे द्यायला गेले तर त्याने सही केली, नोटा मोजल्या नाहीत, कपाळाला लावल्या. अण्णा ही गोष्ट सांगत तेव्हा जेवताना त्यांचा हात ताटात थांबत असे. एरवी कमी बोलणारा माणूस. मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही इतकी वर्षं उन्हातान्हात सायकल हाणली, कंटाळा नाही आला? ते म्हणाले, "त्या पोरांची वाट बघणारी तोंडं पाहिली असतीस तर विचारलं नसतंस."

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. अण्णांनी आकडे शिस्तीने पाठ केले, पण त्यांचा विश्वास नावांवरच होता. पत्त्यावर मोहल्ला नसेल तर पत्रावर शिक्का मारून परत पाठवायचा नियम होता: पत्ता अपुरा. अण्णा म्हणायचे, "अपुरा म्हणजे काय, तर पुरा लिहिलेला नाही." मला तेव्हा तो शब्दांचा खेळ वाटला. ते अगदी गंभीरपणे सांगत होते. नुसत्या शहराच्या नावावर माणूस सापडत नाही. पुरा कळला की चहावाला घर दाखवतो. त्यांच्या साऱ्या नोकरीत त्यांनी तो शिक्का क्वचितच वापरला.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही सिडकोत आलो. रुंद रस्ते, मोजून आखलेले प्लॉट, मोकळी हवा. आई खूश होती. वस्त्यांना मात्र नावं नव्हती, एन-एक, एन-दोन असे तेरापर्यंत नंबर होते. पहिले कित्येक महिने अण्णा संध्याकाळी फिरायला जाऊन आले की विचारल्यावर म्हणत, "नंबरात जाऊन आलो." हळूहळू लोकांनीच नावं पाडली, कुठं शाळेवरून, कुठं मंदिरावरून, कुठं दुकानावरून. रिक्षावाल्याला आज एन-सेव्हन सांगा, तो विचारतो, कशाजवळ? माणसाला नाव लागतं, ही त्यांची खात्री सिडकोनेही खरी केली.

२०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. खडकी होतं, मलिक अंबरच्या मुलाने फत्तेनगर केलं, औरंगजेबाने १६५३ मध्ये आपलं नाव दिलं, आता तटाच्या बाहेरून ज्याचं भय वाटलं त्या राजाचं नाव आहे. दहा वर्षांच्या ज्या मुलाने हे शहर परक्याच्या दरबारात उभं राहून पाहिलं, त्याच्या नावाने ते आज ओळखलं जातं, याचं मला समाधान आहे. या साऱ्या अदलाबदलीत पुऱ्यांना कुणी हात लावला नाही. जयसिंगपुरा जयसिंगपुराच राहिला, गुलमंडी गुलमंडीच. अण्णा असते तर म्हणाले असते, माझे खण आहेत तिथंच आहेत.

खण आहेत, पण भिंती नाहीत. तटाचे लांबच लांब तुकडे रस्त्यासाठी, दुकानांसाठी गेले. बावन्नांतले कित्येक दरवाजे आता फक्त थांब्यांची नावं म्हणून उरलेत. अलीकडे काही दरवाजांची डागडुजी झाली, खाम नदीच्या काठावरचा कचरा उपसला गेला. काही सकाळी तिथं खंड्या दिसतो. हे चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण नहरींकडे अजून कुणाचं पुरेसं लक्ष नाही. दरवाजा पडला तर निदान दिसतो. जमिनीखालचा नळ फुटला तर कुणाला कळतच नाही, आणि ज्याला कळतं तो त्यावर सिमेंट टाकून मोकळा होतो.

मागच्या महिन्यात रंगारगल्लीत गेलो होतो. आमच्या वाड्याच्या जागी तीन मजली इमारत आहे. परसाच्या जागेत मोटारसायकली लावलेल्या होत्या. एका चाकामागे, फरशीच्या कडेला, भाजलेल्या मातीच्या त्या नळाचं तोंड अजून आहे, हातभर.

तुमचं घर जुन्या शहरात असेल, तर पाया खणताना, बोअर पाडताना असा नळ लागला की त्यावर सिमेंट टाकू नका. आधी दोन माणसांना दाखवा, फोटो काढा, पाण्याची दिशा बघून ठेवा. आणि पत्ता लिहिताना पिनकोडच्या आधी आपल्या पुऱ्याचं, आपल्या गल्लीचं नाव पूर्ण लिहीत जा.